अमेरिकेत पिस्तूल घेऊन दुकानात जाण्याआधी: कायदा कोणत्या क्रमाने तपासायचा

टेक्सासमधल्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की बहुतेकांचा हिशेब ठरलेला असतो. ‘इथे आता लायसन्स लागत नाही, दुकानाच्या दारावर पाटी नाही, म्हणजे कमरेला पिस्तूल लावून आत जायला हरकत नाही.’ यातलं पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे, दुसरं कधी खरं तर कधी खोटं, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष आपल्यातल्या कित्येकांसाठी साफ चुकीचा आहे. इतका चुकीचा, की त्यात नोकरी, व्हिसा आणि पुढची काही वर्षं जाऊ शकतात.

घोळ होतो तो क्रमात. लोक दारावरच्या पाटीपासून सुरुवात करतात. सुरुवात स्वतःच्या इमिग्रेशनच्या कागदांपासून करायची, मग राज्य, मग रस्ता, मग जागा, आणि पाटी सगळ्यांत शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. उदाहरणं मुख्यतः टेक्सासची आहेत. न्यूजर्सी, इलिनॉय आणि न्यूयॉर्कमध्येही आपली बरीच माणसं राहतात, म्हणून जिथे फरक मोठा आहे तिथे तोही दिला आहे. हे कायदे दर अधिवेशनाला आणि दर निकालाला हलतात. त्यामुळे प्रत्यक्ष पाऊल टाकण्याआधी राज्याच्या सरकारी संकेतस्थळावरचा चालू मजकूर वाचा, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा.

टप्पा १: आधी स्वतःचा दर्जा बघा

हा टप्पा वगळणारे सर्वांत जास्त, म्हणून इथे जरा थांबू.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवता येत नाहीत. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, जे-१, बी-२ हे सगळे त्यात आले. तुमचं राज्य कितीही मोकळं असो, हा केंद्रीय नियम त्याच्या वर आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षांपर्यंत गेली आहे.

‘जवळ ठेवणे’ याचा अर्थ विकत घेणे एवढाच नाही. मित्राचं पिस्तूल हातात घेऊन बघणं, रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडणं, हेही त्यात येतं. ‘रेंजवाल्याने काही विचारलंच नाही’ हा बचाव होत नाही. त्याने विचारलं नाही याचा अर्थ तुम्हाला परवानगी होती असा निघत नाही.

शिवाय ताबा हातातच असावा लागतो असंही नाही. नवरा एच-१बीवर, बायको अमेरिकन नागरिक, बंदूक तिच्या नावावर, पण सेफचा आकडा दोघांना माहीत, अशी घरं आहेत. त्या बंदुकीवर नवऱ्याचाही ताबा आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो. अशा घरात सेफची किल्ली किंवा आकडा फक्त एकाच व्यक्तीकडे हवा. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांनाही तो सांगायचा नाही. आजोबांना कौतुकाने पिस्तूल हातात देऊन फोटो काढणं तर अजिबात नको.

कायद्यात एक अपवाद आहे: राज्याने दिलेला वैध शिकारीचा परवाना जवळ असेल तर ही बंदी लागू होत नाही. पण परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. या अपवादावर विसंबून दुकानात पिस्तूल नेण्याचा विचार कुणी करत असेल, तर त्याने आधी इमिग्रेशन आणि शस्त्रकायदा दोन्ही कळणाऱ्या वकिलाकडे जावं.

ग्रीनकार्डवाल्यांना केंद्रीय कायदा बंदूक घेऊ देतो. पण त्यांच्या डोक्यावर एक वेगळी टांगती तलवार आहे. बंदूक बेकायदा बाळगल्याबद्दल किंवा नेल्याबद्दल शिक्षा झाली, तर इमिग्रेशन कायद्यानुसार ते देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण ठरतं. गुन्हा राज्याच्या कायद्याखालचा आणि किरकोळ दर्जाचा असला तरी सुटका नाही. नागरिक दंड भरून घरी जाईल अशा चुकीने ग्रीनकार्डवाल्याचं इथलं आयुष्य उठू शकतं. नुसतं ईएडी, म्हणजे काम करण्याची परवानगी, हातात असणं म्हणजे ग्रीनकार्ड नव्हे. आपल्याकडच्या लोकांची रांग वर्षानुवर्षांची असते, आणि ‘आय-१४० (ग्रीनकार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालंय, आता काय राहिलं’ असं म्हणून बंदुकीच्या दुकानात जाणारे मी पाहिले आहेत. कार्ड हातात येईपर्यंत थांबा.

इशारा: गांजा. इलिनॉय, न्यूजर्सी, कॅलिफोर्नियात तो दुकानात राजरोस मिळतो, पण केंद्रीय कायद्यात नाही. बंदूक खरेदीच्या फॉर्म ४४७३ वर गांजा घेता का हा प्रश्न आहे आणि राज्याने परवानगी दिली असली तरी चालत नाही, असा इशाराही तिथेच छापलेला आहे. त्यावर खोटं उत्तर देणं हा आणखी एक गुन्हा.

इशारा: व्हिसावरच्या मित्रासाठी तुमच्या नावावर बंदूक घेऊन देऊ नका. ज्याला मनाई आहे हे ठाऊक असून त्याला शस्त्र देणं आणि दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर खरेदी करणं, दोन्ही केंद्रीय गुन्हे आहेत. ‘आपला गावचाच आहे’ हे तिथे ऐकून घेतलं जात नाही.

तपासणी: तुम्ही नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहात का? नसाल, तर पुढचे टप्पे माहितीसाठी वाचा, करण्यासाठी नाही. फक्त शेवटचा टप्पा तुमच्यासाठीही आहे.

टप्पा २: राज्य काय म्हणतं?

तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून काढा. लायसन्स लागतं का? झाकून आणि उघड, दोन्ही तऱ्हेने नेता येतं का? वयाची अट काय?

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र व्यक्तीला लायसन्सशिवाय हँडगन नेता येते. कायद्याच्या मजकुरात वय २१ आहे, आणि मागच्या पाच वर्षांत काही ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना ही सूट नाही. पिस्तूल दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, असलं पाहिजे. २०२४ पर्यंत अशी विनालायसन्स मुभा देणारी राज्यं २९ झाली.

इलिनॉयमध्ये चित्र उलटं आहे. नुसती बंदूक घरात ठेवायची तरी एफओआयडी, म्हणजे बंदूकमालकाचं ओळखपत्र, हवं. बाहेर न्यायची तर वेगळं कन्सील्ड कॅरी (झाकून नेण्याचं) लायसन्स, त्यासाठी १६ तासांचं प्रशिक्षण. उघड बाळगायला मनाई. दुसऱ्या राज्याचं लायसन्स दाखवून तिथे दुकानात फिरता येत नाही.

न्यूजर्सीत परमिटशिवाय हँडगन नेणं हा दुसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षं, आणि सक्तीच्या तरतुदीमुळे बहुतेक प्रकरणांत किमान ४२ महिने पॅरोलशिवाय. एडिसनच्या ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला पेनसिल्व्हेनियातून येणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

माझं मत: लायसन्सची सक्ती नसलेल्या राज्यातही लायसन्स काढाच. टेक्सासमध्ये वर्ग चार ते सहा तासांचा असतो, लेखी परीक्षा आणि रेंजवरची चाचणी असते, फी ४० डॉलर. त्या एका दिवसात कायद्याची जी उजळणी होते ती मित्रांच्या गप्पांत वर्षभरात होत नाही. आणि त्या कार्डाचे प्रत्यक्ष फायदे पुढच्या टप्प्यांत दिसतीलच.

टप्पा ३: शहर आणि वाटेतली शाळा

टेक्सास, फ्लोरिडा अशा बऱ्याच राज्यांत शहरांना स्वतःचे वेगळे बंदूक-नियम करता येत नाहीत. राज्याचाच नियम सगळीकडे. पण सरसकट तसं धरू नका. कोलोरॅडोने २०२१ मध्ये स्थानिक संस्थांना जास्त कडक नियम करायची मुभा दिली, आणि डेन्व्हर शहरात उघड बाळगायला बंदी आहे. न्यूयॉर्क राज्याच्या दुसऱ्या काउंटीत मिळालेलं परमिट न्यूयॉर्क शहरात आपोआप चालत नाही. शहराची स्वतःची व्यवस्था आहे. म्हणून राज्यानंतर शहराचं पानही उघडून बघा.

आता ज्या गोष्टीकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष नसतं ती. केंद्रीय कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेणं गुन्हा आहे. ज्या राज्यात ती शाळा आहे त्याच राज्याने दिलेलं लायसन्स तुमच्याकडे असेल तर सूट मिळते. लायसन्स नसेल तर बंदूक रिकामी आणि कुलूपबंद डब्यात हवी. शाळेबाहेरची खासगी जागा, म्हणजे तुमचं घर किंवा दुकानाची स्वतःची जागा, यातून वगळलेली आहे, पण सार्वजनिक रस्ता आणि फुटपाथ नाही.

उपनगरात घर ते किराणा दुकान या दोन मैलांत किती शाळा लागतात ते मोजा. विनालायसन्स, भरलेलं पिस्तूल कमरेला लावून निघालेला माणूस राज्याच्या नजरेत निर्दोष असतो आणि शाळेजवळच्या सिग्नलला केंद्रीय कायदा मोडतो. ४० डॉलरच्या कार्डाचा हा पहिला फायदा.

तपासणी: नकाशावर घर ते दुकान रस्ता काढा, शाळा शोधा. लायसन्स नसेल तर रस्ता बदला, नाहीतर पिस्तूल रिकामं करून कुलपात ठेवा.

टप्पा ४: पाटी असो-नसो, जिथे जायचंच नाही

काही जागा कायद्यानेच बंद आहेत. तिथे मालकाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. टेक्सासच्या यादीत शाळा, न्यायालयं, मतदान केंद्रं, विमानतळाच्या सुरक्षा तपासणीपलीकडचा भाग, तुरुंग, रेसकोर्स, महाविद्यालयीन आणि व्यावसायिक सामन्यांची मैदानं येतात.

दुकानांच्या बाबतीत महत्त्वाची आहे ती लाल अक्षरांतली ५१ टक्क्यांची पाटी. ज्या जागेचं निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथेच बसून प्यायच्या दारूतून येतं तिथे ही पाटी असते, आणि तिथे लायसन्सवाल्यालाही बंदी आहे. मोडल्यास तो गंभीर गुन्हा. गॅस स्टेशनवर बिअरचे कॅन मिळतात म्हणून ते यात येत नाही, कारण ती दारू घरी नेण्यासाठी विकली जाते. पण स्ट्रिप मॉलमध्ये एकाच भिंतीला लागून किराणा दुकान आणि स्पोर्ट्स बार असतात, आणि खरेदीनंतर सहज आत शिरायचं होतं. तिथे दारावरच थांबून वाचा.

पोस्ट ऑफिस हा दुसरा सापळा. केंद्रीय नियमांत पोस्टाच्या इमारतीत आणि तिच्या पार्किंगमध्येही बंदूक आणायला मनाई आहे. या नियमाला न्यायालयांत आव्हानं दिली गेली आहेत, पण तुम्ही पार्सल टाकायला जाताना त्यांतलं एक व्हायचं कारण नाही. खरेदीच्या यादीत पोस्ट असेल तर पिस्तूल घरी.

टप्पा ५: दारावरची पाटी वाचायची कशी

इथपर्यंतची सगळी उत्तरं ‘हो’ आली असतील तरच दारापाशी या.

दुकान खासगी मालमत्ता आहे आणि मालक बंदुकीला नाही म्हणू शकतो. हे जवळपास सगळीकडे सारखं. वेगळं आहे ते त्या ‘नाही’चं कायदेशीर वजन.

टेक्सासमध्ये तीन पाट्या ओळखायला शिका. त्यांच्यावर दंडसंहितेची कलमं छापलेली असतात. ३०.०६ ही लायसन्सधारकाने झाकून नेण्याला मनाई करणारी, ३०.०७ ही लायसन्सधारकाने उघड नेण्याला मनाई करणारी, आणि ३०.०५ ही लायसन्स नसलेल्यांसाठी. ३०.०६ आणि ३०.०७ चा मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या ठळक अक्षरांत, उठून दिसेल अशा रंगात आणि सहज दिसेल अशा जागी लागतो. त्यामुळे या पाट्या मोठ्या असतात, निम्मी काच व्यापतात. तरीही सरकत्या दारावर लावलेली पाटी दार उघडं असताना दुसऱ्या काचेमागे जाते आणि तुम्हाला दिसतच नाही. कार्ट घ्यायच्या आधी दोन पावलं मागे येऊन दोन्ही काचा बघा. दुकानाला दोन दारं असतील तर ज्यातून शिरताय ते.

नुसत्या ३०.०७ ची पाटी बरीच दिसते. अर्थ सरळ: लायसन्स आहे आणि पिस्तूल पूर्ण झाकलेलं आहे, तर जा, दिसत असेल तर नको. पण शर्ट वर सरकून वरच्या फळीवरचं तुपाचं डबडं काढताना होल्स्टर उघडं पडतं, हे घरी आरशासमोर तपासायचं असतं.

पिस्तुलावर लाल काट मारलेलं साधं चित्र असेल तर? लायसन्सधारकासाठी ते ३०.०६ च्या पाटीची जागा घेत नाही. लायसन्स नसलेल्याने मात्र त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण अतिक्रमणाच्या (मनाई असताना दुसऱ्याच्या जागेत शिरण्याच्या) कलमाखाली वाजवी सूचना पुरते. तसंही ज्या मालकाने ते चित्र लावलंय त्याचं म्हणणं तुम्हाला कळलेलंच आहे. मी अशा दुकानात पिस्तूल नेत नाही, आणि तुम्हीही नेऊ नये असं मला वाटतं.

पाटी ओलांडून आत गेलात तर टेक्सासमध्ये २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी ‘बाहेर जा’ सांगितल्यावरही थांबलात तर तोच गुन्हा एक वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंडाचा होतो.

इतर राज्यांत वजन बदलतं. इलिनॉयमध्ये सरकारने ठरवून दिलेली चार बाय सहा इंचांची पांढरी पाटी असते, पोस्टकार्डाएवढी. ती दाराच्या कोपऱ्यात, क्रेडिट कार्डांच्या स्टिकरांमध्ये हरवते, आणि तरीही कायद्याने बंधनकारक असते. फ्लोरिडात नुसत्या पाटीपेक्षा प्रत्यक्ष सांगणं निर्णायक ठरतं, पण सांगूनही न निघणाऱ्या सशस्त्र माणसाचं अतिक्रमण तिथे पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गंभीर गुन्हा आहे. हवाई आणि आणखी काही राज्यांनी २०२२ नंतर नियमच उलटा केला: मालकाने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच आत न्यायचं. त्यावर खटले झाले, हवाईचा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सहलीला जाणार असाल तर तिकिटं काढण्याच्या सुमारास नव्हे, निघायच्या आठवड्यात राज्याचं पान वाचा.

आणि पाटीच नसलेली मोठी दुकानं? तिथे धोरण असतं. टेक्सासमधल्या एल पासोत आपल्याच दुकानात झालेल्या हत्याकांडानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये वॉलमार्टने ग्राहकांना पिस्तूल उघड न आणण्याची विनंती केली. क्रोगरनेही तेच केलं. टार्गेटची तशी विनंती २०१४ पासूनची आहे. कॉस्टको तर पोलिस सोडून कुणाच्याच बंदुकीला आपल्या जागेत मान्यता देत नाही. विनंती मोडली म्हणून लगेच गुन्हा होईलच असं नाही, पण कर्मचाऱ्याने येऊन सांगितलं की त्या क्षणापासून ती तोंडी सूचना आहे.

इशारा: तुम्ही ज्या दुकानात नोकरी करता तिथे ग्राहकांचा नियम तुम्हाला लागू होईलच असं नाही. मालक कर्मचाऱ्याला मनाई करू शकतो आणि त्यावरून कामावरून काढू शकतो. टेक्सासमध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना पार्किंगमधल्या स्वतःच्या कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवता येते, एवढंच संरक्षण आहे.

टप्पा ६: घरातून निघताना

होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारं, ताठ आणि पट्ट्याला घट्ट बसणारं घ्या. कापडी, ढिलं, खिशात सरकणारं नको. पिस्तूल होल्स्टरमध्ये घरी एकदा जाईल आणि घरी परतल्यावर एकदाच निघेल अशी सवय लावा. पार्किंगमध्ये, गाडीच्या सीटवर काढ-घाल करताना अपघात होतात आणि शेजारच्या गाडीतलं कुणीतरी पोलिसांना फोन करतं.

पर्समध्ये ठेवू नका. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने कार्टमध्ये बसल्या बसल्या आईच्या पर्समधलं पिस्तूल ओढलं आणि गोळी सुटून आई जागीच गेली. तिच्याकडे परमिट होतं आणि पर्सला पिस्तुलासाठी खास कप्पाही होता. ज्यांच्यासोबत लहान मुलं असतात त्यांनी पिस्तूल अंगावर ठेवावं नाहीतर घरी ठेवावं. तिसरा पर्याय माझ्या मते नाही.

दारू घेतली असेल, किंवा दुकानानंतर कुठे पार्टी असेल, तर पिस्तूल घरीच. नॉर्थ कॅरोलायनात तर शरीरात दारूचा अंश असताना झाकून बाळगणंच गुन्हा आहे.

तपासणी: लायसन्स आणि ओळखपत्र पाकिटात, पाकीट पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला. ग्रीनकार्डही जवळ हवं. ते जवळ बाळगणं तसंही कायद्याने बंधनकारक आहे.

टप्पा ७: दुकानाच्या आत

आत गेल्यावर पिस्तुलाला हात लावायचा नाही. चाचपायचं नाही, सरळ करायचं नाही, मित्राला दाखवायचं नाही. हात सारखा कमरेकडे जाणारा माणूस कॅशिअरला लगेच दिसतो.

ट्रायल रूम आणि टॉयलेट या दोन जागा धोक्याच्या. पँट खाली जाताना पट्टा सैल होतो, पिस्तूल लोंबतं, माणूस ते काढून हुकाला अडकवतो नाहीतर कागदाच्या डब्यावर ठेवतो आणि विसरून बाहेर पडतो. पोलिसांच्याही बाबतीत हे झालेलं आहे. पिस्तूल होल्स्टरमध्येच राहू द्या, होल्स्टर पायांमधल्या कपड्यात धरून ठेवा. कपडे घालून बघायचे असतील त्या दिवशी पिस्तूल नेऊच नका.

कुणी चोरी करताना दिसलं, तर तुम्ही साक्षीदार आहात. दुसऱ्याच्या मालासाठी पिस्तूल बाहेर काढण्याचा हिशेब नंतर पोलिस, सरकारी वकील आणि ग्रीनकार्ड असेल तर इमिग्रेशन न्यायालय, तिघांपुढे मांडावा लागतो. खरोखर गोळीबार झाला तर कुटुंबाला घेऊन बाहेर पडा. आत येणाऱ्या पोलिसाला हातात पिस्तूल असलेला अनोळखी माणूस दिसतो. तो चांगला की वाईट हे त्याला कळायला वेळ नसतो.

टप्पा ८: कुणी हटकलं तर

दुकानातलं कुणी ‘हे इथे चालणार नाही’ म्हणालं, की एकच उत्तर: ‘ठीक आहे, निघतो.’ कार्ट तिथेच सोडा. कायदा समजावत बसू नका, व्हिडिओ काढू नका, मॅनेजरला बोलवा म्हणू नका. तुमचं म्हणणं बरोबर असेलही. तरी थांबलेलं प्रत्येक मिनिट साध्या गैरसमजाला गुन्ह्याच्या जवळ नेतं.

‘गाडीत ठेवून परत येतो’ हेही शक्यतो टाळा. गाड्या फोडून बंदुका चोरीला जातात, आणि पार्किंगमध्ये सीटखाली पिस्तूल ठेवताना कुणी बघत असतं. गाडीत ठेवावंच लागणार असेल तर साखळीने बांधलेली छोटी तिजोरी आधीपासून बसवून घ्या, आणि पिस्तूल दुकानापाशी पोचण्याआधीच तिच्यात जाऊ द्या.

पोलिस आले किंवा रस्त्यात गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर, दिसतील असे. टेक्सासमध्ये लायसन्सधारकाकडे पिस्तूल असताना पोलिसाने ओळखपत्र मागितलं की कॅरी लायसन्सही दाखवावं लागतं. नॉर्थ कॅरोलायना आणि मिशिगनमध्ये विचारायची वाट न बघता आपणहून सांगायचं असतं. सांगताना वाक्य ‘माझ्याकडे लायसन्स आहे आणि पिस्तूल उजव्या कमरेला आहे, मी काय करू?’ असं, हात न हलवता. बंदुकीचं नाव आधी घेऊन हात खिशाकडे नेणं ही जिवावर बेतणारी चूक आहे. अटक झालीच तर वकील मागा आणि गप्प राहा; ग्रीनकार्डधारकाने गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नये. फौजदारी वकिलाला जो सौदा स्वस्त वाटतो तोच इमिग्रेशनमध्ये सगळ्यांत महाग पडू शकतो.

टप्पा ९: राज्याची हद्द ओलांडताना

लायसन्स म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स नाही. ते सगळीकडे चालत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका महिलेला न्यूजर्सीत वाहतूक पोलिसाने थांबवलं. पेनसिल्व्हेनियाचं परमिट इथेही चालतं या समजुतीने तिने आपणहून पिस्तुलाबद्दल सांगितलं, आणि तिला अटक झाली. सक्तीच्या तुरुंगवासाची वेळ आली होती. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली. माफीवर विसंबून कुणी प्रवास आखू नये.

प्रवासासाठी केंद्रीय कायद्यात संरक्षण आहे: जिथून निघालात आणि जिथे पोचणार तिथे बंदूक कायदेशीर असेल, ती रिकामी असेल आणि हाताशी नसेल, तर मधल्या राज्यातून नेता येते. डिकी नसलेल्या गाडीत ती कुलूपबंद डब्यात हवी. ग्लव्ह बॉक्स किंवा सीटमधला कप्पा चालत नाही. पण हे संरक्षण वाटेतून जाण्याचं आहे, मुक्काम आणि खरेदीचं नाही. यूटाचा एक प्रवासी २००५ मध्ये नेवार्कला अडकला, रात्री बॅग घेऊन हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे बंदूक जाहीर करायला गेला. तिथेच त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. पण पोलिसांविरुद्ध त्याने केलेला दावा २०१० मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही, कारण रात्रभर ती बॅग त्याच्या हाताशी होती.

म्हणून टेक्सासहून न्यूजर्सीच्या चुलतभावाकडे गणपतीला जाताना पिस्तूल नेऊ नका. ते घरच्या सेफमध्ये राहू द्या.

टप्पा १०: भारतात जाणारी बॅग

हा टप्पा रेंजवर जाणाऱ्या प्रत्येकासाठी आहे, आणि घरात कुणी रेंजवर जात असेल तर व्हिसावाल्यांसाठीही.

रेंजला नेलेली बॅग पुढे जिमला, मग ऑफिसला, मग भारतात जाते. अस्तराच्या फाटक्या शिवणीत एखादं काडतूस गेलेलं असतं. अमेरिकेतून निघताना ते सुटतं. परतीच्या वाटेवर पुणे, मुंबई किंवा मोपाच्या एक्स-रेमध्ये सीआयएसएफच्या जवानाला दिसतं. मग भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा दाखल होतो, विमान जातं, पासपोर्ट पोलिस ठाण्यात अडकू शकतो. काडतूस आहे हे माहीतच नव्हतं, म्हणजे जाणीवपूर्वक ताबा नव्हता, या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी अशी प्रकरणं रद्द केलेली आहेत. पण तिथवर पोचायला वकील लागतो, हेलपाटे लागतात, आणि अमेरिकेतली नोकरी तोवर थांबत नाही.

उपाय अगदी साधा आहे. रेंजची बॅग वेगळी ठेवा, वेगळ्या रंगाची, आणि ती कधीही विमानात न्यायची नाही. जुनी बॅग न्यायचीच असेल तर आदल्या रात्री ती पूर्ण रिकामी करा, उलटी करून झटका, प्रत्येक कप्प्यात आणि अस्तराच्या कडेने बोटं फिरवा, चाकांजवळचा तळ दाबून बघा. जॅकेटचे खिसेही तसेच तपासा. शंका राहिली तर ती बॅग घरीच ठेवून दुसरी घ्या.